एक दाबून दिलेली पोच

आमच्या घरात फोन दुसऱ्या रिंगला उचलला जातो. तिसरी रिंग वाजली तर सासूबाई स्वयंपाकघरातून सासऱ्यांना विचारतात, "काहो, बरं नाही का तुमाले?"

सासरे, म्हणजे आमचे बाबा, मालगाडीचे गार्ड होते. भिलाईच्या यार्डातून गाडी घेऊन कधी बिलासपूरकडे, कधी नागपूरकडे जायचे. आता त्या हुद्द्याला मॅनेजर म्हणतात, पण बाबांना ते नाव मान्य नाही. मॅनेजर हॉटेलात असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या काळात गाडीवर निघायचा हुकूम आला की त्याला 'कॉल' म्हणत. आधी एक माणूस वही घेऊन क्वार्टरच्या दाराशी यायचा आणि सही घेऊन जायचा, पुढे फोन आले. कॉल चुकवला की मेमो. बाबांनी अख्ख्या नोकरीत एकही कॉल चुकवला नाही, ही गोष्ट माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलाच्या शिक्षणाच्याही आधी सांगितली गेली होती. माझे वडील तुमसरचे शेतकरी. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण माणसं सरळ दिसतात म्हणून त्यांनी मान डोलावली.

फोन उचलायची बाबांची एक पद्धत आहे. आधी स्वतःचं नाव, मग "रिटायर गार्ड, भिलाई यार्ड." मग समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. मग ऐकलेला निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. आणि शेवटी पोच द्यायची, म्हणजे तुमचा निरोप मला मिळाला असं कळवायचं. पोच दिली नाही तर समोरचा समजणार की निरोप पोचलाच नाही, आणि तो पुन्हा पुन्हा फोन करत बसणार. गाड्यांच्या कामात हे सोळा आणे खरं आहे. घरात मात्र त्यामुळे भाजी आणायचा निरोपही आम्हाला दोनदा ऐकावा लागतो.

तर एका दुपारी मी शाळेतून घरी आले. मी इथे जुनवानीजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. पालकांचे अर्ज आणि तक्रारी माझ्याकडे येतात, म्हणून कागदाला मी घाबरत नाही. चप्पल काढता काढता बाबांचा आवाज ऐकू आला. "रायपूरच्या पुढे, हायवेला लागून, बाराशे फुटांचा प्लॉट. चौकशीसाठी एक दाबा. बरोबर?" पलीकडून बाई बोलतच होती, कारण ती बाई नव्हतीच, मशीन होतं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि एक दाबला.

"बाबा, प्लॉट घेऊन राहिले का तुमी?"

"प्लॉट कावून घेईन? पोच दिली."

विचारल्यावर कळलं, की असे फोन येऊ लागल्यापासून बाबांनी प्रत्येक फोनला एक दाबून पोच दिली होती. प्लॉट, विमा, नातवंड नसताना नातवंडांच्या कोचिंगचे क्लास, गुडघ्याचं तेल. आणि पोच देऊनही फोन वाढतच का चालले आहेत, हे कोडं त्यांना पडलं होतं. बरोबरच आहे, मशीनच्या भाषेत एक दाबणं म्हणजे "या, बसा, अजून सांगा." आमच्या बाबांनी साऱ्या जगाला बसायला पाट दिला होता.

सासूबाईंना हे फार आवडलं. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. "रोज दहा-दहा बायांले हो म्हनून राहिले. मी चाळीस वर्षांपासून म्हनून राहिली दाराले जाळी लावा, तर आमाले काही पोच नाही."

घरात फोन फक्त बाबांना येत नव्हते, पण त्यांना येत होते तेवढे कुणालाच येत नव्हते. सकाळी आठला सुरू व्हायचे. माझा नवरा रसमड्याच्या एका कारखान्यात आहे, पाळ्यांची नोकरी. पहिल्या पाळीवरून येऊन तो दुपारी जरा डोळा लावायचा, की बाबांचं खणखणीत "रिटायर गार्ड, भिलाई यार्ड" सुरू. एक दिवस तो बनियनवरच उठून आला. त्याचा राग बापावर जात नाही, वस्तूंवर जातो. त्याने बाबांचा फोन उचलून पालथा ठेवला.

"बाबा, दोनच रस्ते आहेत. एक तर अनोळखी नंबर उचलनं बंद करा. नाही तर हे सिम मी फेकतो अन् नवं आनतो. नवा नंबर फक्त घरच्याईले माहीत राहीन."

दोन दिवसांनी नवऱ्याने खरंच नवं सिम आणलं आणि पाकिटात ठेवलं. दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर फोन थांबले तर ठीक, नाही तर नंबर बदलायचा.

आता इथे बाबांच्या नंबराबद्दल सांगितलं पाहिजे. तो नंबर म्हणजे त्यांचं आताचं काम आहे. यार्डातल्या जुन्या मराठी घरांमध्ये कुणा बाईला नवऱ्यामागे मिळणारा रेल्वेचा विधवा पास नवा करायचा असला, कुणाला फॉर्मवर सही कुठे करायची ते कळत नसलं, कुणाच्या घरी बारसं किंवा मयत झाली आणि बोरसीपासून चरोद्यापर्यंत निरोप द्यायचा असला, की फोन बाबांना येतो. कित्येक घरांत तो नंबर गॅसच्या शेगडीवरच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे. त्यातल्या अर्ध्या बायका आपल्या मुलाच्या, शेजारणीच्या, दुकानदाराच्या फोनवरून लावतात; म्हणजे नंबर दर वेळी अनोळखीच. तो उचलायचा नाही म्हणजे काय करायचं? सिम आणलं त्या रात्री जेवताना बाबा वाटीकडे बघत म्हणाले, "एकदा सरकारनं रिटायर केलं. आता पोरगा करून राहिला."

नवऱ्याचा रागही आला आणि त्याची दयाही आली, कारण झोप त्याचीही खरी होती. पण सगळ्यात जास्त राग आला त्या मशीनवाल्यांचा. फोन आमचा, दुपार आमची, म्हातारा आमचा, आणि नंबर बदलायचा तोही आम्हीच? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी नवऱ्याला म्हटलं, दिवाळीपर्यंत मुदत दिली आहेस ना, मग तोवर सिम पाकिटातून बाहेर काढायचं नाही. मी बघते.

मी वाचायला बसले. कायदा वाटला होता तेवढा दुबळा नाही, फक्त तो आपल्याला घरी येऊन कुणी सांगत नाही. आपल्या मोबाईल कंपनीकडे नोंद करता येते की मला जाहिरातींचे फोन नकोत, आणि हे फुकट असतं. सगळेच बंद करता येतात किंवा हवे ते प्रकार ठेवता येतात. नोंद लागू व्हायला काही दिवस जातात. त्यानंतरही फोन आला तर तक्रार करायची, ठरलेल्या दिवसांच्या आत: कोणत्या नंबरावरून, कोणत्या तारखेला, किती वाजता, काय म्हणाले. मग कंपनीला चौकशी करावी लागते, आणि तो नंबर जाहिरातीसाठी नोंदवलेलाच नसेल तर त्यावर कारवाई होते. मशीनने फोन लावणाऱ्यांनाही मोबाईल कंपनीला आधी कळवावं लागतं. जाहिरातींसाठी वेगळे नंबर ठरलेले असताना साधा दहा आकडी मोबाईल नंबर वापरून ही मंडळी घुसतात, म्हणून तक्रारीला महत्त्व.

नोंद मी त्याच संध्याकाळी केली. मग बाबांना समजावलं की प्रत्येक फोनची वेळ आणि मजकूर लिहून ठेवावा लागेल. मी हे जरा दबकत सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला ताप म्हणून. बाबा उठले, कपाटातून एक कोरी वही काढली आणि पट्टीने उभ्या रेघा मारायला लागले. गार्डाला गाडीचा सगळा हिशेब मिनिटा-मिनिटाने लिहायचा असतो: कुठून निघाली, कुठे थांबली, किती वेळ, कशामुळे. ते त्यांनी जन्मभर केलं होतं. मी वेड्यासारखी त्यांना घड्याळ बघायला शिकवायला निघाले होते.

त्या वहीइतकी सुंदर वही मी शाळेत पाहिलेली नाही. "आगमन ११.०७. प्रस्थान ११.०९. आवाज बाईचा, ध्वनिमुद्रित. विषय विमा. पोच दिली नाही." हे शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना किती जड गेलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. आवाज थांबायचा, बोट आपोआप एकच्या दिशेने जायचं, आणि मग ते हात मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवायचे. "अपूर्न वाटते बाप्पा," म्हणायचे. पहिल्या आठवड्यात दोन ठिकाणी "पोच दिली (चूक)" असंही प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. एका ठिकाणी नुसतं "सूनबाई, दूध नाही म्हणून. पोच दिली" अशीही नोंद निघाली. कोणती गाडी लिहायची आणि कोणती नाही, हा भेद त्यांच्या वहीत नव्हता.

मी रोज शाळेतून आल्यावर चहा घेत घेत त्यातल्या नोंदी तक्रारीत भरायचे. सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलायच्या आणि नंबर वाचून दाखवायच्या. तो महिना-दीड महिना आमच्या घरात फार मजेचा गेला, खोटं कशाला सांगू. एरवी आम्ही तिघं एका जागी फक्त वीज गेली की बसायचो.

आणि मग मोबाईल कंपनीचं उत्तर आलं. प्लॉटवाल्यांविरुद्धची तक्रार बंद करण्यात आली आहे, कारण ग्राहकाने संमती दिलेली आहे.

मी ते बाबांना वाचून दाखवलं आणि लगेच पस्तावले. त्यांचा चेहरा असा झाला जसा मी एकदाच पाहिला होता, एका जुन्या सोबत्याने गप्पांमध्ये त्यांच्यावर सिग्नल चुकल्याचा खोटा आळ आणला होता तेव्हा. ते उभे राहिले.

"संमती? मी संमती नाही दिली. मी पोच दिली. निरोप भेटला म्हनून सांगनं वेगळं, अन् माल उतरवून घेनं वेगळं. कोनत्याही स्टेशनमास्तरले विचार!"

"हेच लिहायचं बाबा," मी म्हटलं. "अगदी हेच."

आणि तेच लिहिलं. कंपनीत तक्रारीच्या वर अपिलाची सोय असते, तिथे. मी कागद घेतला, बाबा बोलत गेले आणि मी त्यातला राग काढून बाकी सगळं ठेवलं. आम्ही न बोलावता आलेल्या फोनवर, मशीन सांगतंय म्हणून एका म्हाताऱ्या माणसाने बटण दाबलं, याला संमती म्हणता येत नाही. संमती घेतली असेल तर ती कधी, कशी घेतली ते दाखवा. आणि कुठे असेलच, तर ती आम्ही आजपासून परत घेत आहोत. तो आमचा हक्क आहे. खाली वहीच्या पानांचे फोटो जोडले. सही बाबांनी केली, सहीखाली हुद्दा लिहिला आणि वेळही टाकली.

मग वाट पाहणं. नवरा रोज येऊन विचारायचा, "काय म्हनते तुमची कोर्ट-कचेरी?" मी म्हणायचे, दिवाळी लांब आहे. प्रत्यक्षात ती तीन आठवड्यांवर आली होती, फराळाचं सामान घरात यायला लागलं होतं, आणि बाबा एका दुपारी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नुसते उभे होते. मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी जिंकून देईन असं मी या माणसाला सांगून बसले होते.

उत्तर एका सकाळी आलं, अगदी साधं. तक्रार ग्राह्य धरली आहे, संमतीची नोंद आढळली नाही, संबंधित नंबरांवर कारवाई केली आहे. बाबांनी ते तीनदा वाचायला लावलं आणि मग परत म्हणून दाखवलं. सासूबाईंनी रव्याचा डबा खाली ठेवून हात जोडले, नेमके कुणाला ते ठाऊक नाही. एका दिवसात सगळं थांबलं असं नाही. पण आठवडाभरात दिवसाचे दोन-तीन झाले, मग एखादा, आणि एका दुपारी नवरा दोन तास झोपला. उठून म्हणाला, "काय झालं, फोन खराब आहे का?"

त्या दिवसांत मी जरा चढूनच गेले होते हे कबूल करते. ऑफिसात बायका मला विचारायला यायच्या, मी त्यांचे फोन हातात घेऊन नोंदी करून द्यायचे. माझा स्वतःचा फोन तर मी असा कडेकोट करून ठेवला होता की अनोळखी नंबर दिसला रे दिसला की कापायचा. दुसऱ्यांदा आला की ब्लॉक. एक सेकंद लागत नसे. बाबांची पोच द्यायची सवय मोडताना माझं बोट फार तरबेज झालं होतं.

दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती. दुपारी मी आणि बाबा जमिनीवर समोरासमोर बसून चिवड्याला शेंगदाणे निवडत होतो. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. कापला. लगेच परत वाजला. कापला आणि ब्लॉक केला.

"कोन होता?" बाबांनी विचारलं.

"कोनी नाही बाबा. तेच ते."

मिनिटभराने त्यांचा फोन वाजला. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. नाव, रिटायर गार्ड, भिलाई यार्ड. मग ते ऐकत राहिले. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, मलाही ऐकू येत होतं, छत्तीसगढीत: "बाबूजी, तुंहर लइका गाड़ी ले गिर गे हे, रसमड़ा मोड़ मेर." बाबांनी हातातला शेंगदाणा ताटात ठेवला. "आमचा मुलगा. रसमड्याच्या वळणावर. गाडीवरून पडला. शुद्धीवर आहे. पाय. तुम्ही त्याला दवाखान्यात नेऊन राहिले," त्यांनी हळूहळू हिंदीत परत म्हणून दाखवलं, एकही शब्द न गाळता. दवाखान्याचं नाव विचारलं, त्या माणसाचं नाव विचारलं, निघालो म्हणून सांगितलं. आवाज जराही हलला नाही. फोन ठेवला आणि ते चपला घालायला उठले.

ऑटोत मी माझा फोन काढून पाहिला. ब्लॉक केलेला नंबर आणि बाबांच्या फोनमधला नंबर एकच होता. बाबांनीही पाहिला.

नवरा ठीक होता. घोट्याच्या वर हाड मोडलं होतं, कोपर सोललं होतं, आणि त्याचा फोन ट्रकच्या चाकाखाली गेला होता. त्याला आणणारा माणूस, साधा भाजीवाला, आम्ही पोचेपर्यंत थांबला होता. बाबांनी त्याचे दोन्ही हात धरले. मला त्याच्याकडे बघवेना.

प्लास्टर होईपर्यंत बाबा बाकावर बसून होते. मग आम्हाला आत सोडलं. नवऱ्याने आधी बापाकडे पाहिलं. "बाबा, तुमचा नंबर तोंडपाठ होता म्हनून झालं," तो म्हणाला. "लहानपनी क्वार्टरच्या फोनचा नंबर पाठ करवून घेत होते तुमी, तशी सवयच आहे. राहू द्या तोच नंबर. अन् उचलत जा, कोनाचाही असो."

बाबांनी फक्त मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला. रागाने नाही, नुसतंच विचारलं, पण तेच फार लागलं. "तुलेच आधी लावाले सांगतलं होतं त्या मानसाले. दोनदा लावला म्हने. लागला नाही. कावून?"

मी तोंड उघडलं.

"तिचा फोन बंद होता," बाबा म्हणाले. "चार्जिंगले लावला होता मीच."

आगमन-प्रस्थानात एका मिनिटाचंही खोटं ज्यांनी कधी लिहिलं नाही, स्वतःची चूकही कंसात चूक म्हणून मांडली, त्या माणसाने एवढं बोलून खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. नवऱ्याने "असं का" म्हणून डोळे मिटले. मी पलंगाची कड धरून उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, अजूनही त्या दिवसाबद्दल काही बोलत नाहीत, आणि नवऱ्याला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.